शिकारीचं मांस आणि आपलं खोबऱ्याचं वाटण: ब्रिटनमधल्या मराठी घरासाठी

इंग्लंडात नोव्हेंबर लागला की आमच्या भागातल्या खाटकाच्या दुकानाबाहेर फेझंट या पक्ष्याच्या जोड्या टांगलेल्या दिसू लागतात. एक नर, एक मादी, दोघांच्या मानेला एकच दोरी. नराची पिसं तांबूस-सोनेरी, मान हिरवी चमकती. मी पहिली सहा वर्षं त्या जोड्यांकडे बघत पुढे जायचे आणि नेहमीच्या दुकानातून ब्रॉयलर कोंबडी घेऊन यायचे. सातव्या वर्षी एक जोडी घेतली, कोंबडीसारखी कुकरला लावली आणि चार शिट्ट्या काढल्या. छातीचं मांस खडूसारखं कोरडं झालं. घरात कुणी दुसरा घास घेतला नाही.

त्या रात्री वाटलं, हे मांसच असं. तसं नव्हतं. मी त्या पक्ष्याला ज्या रीतीने शिजवलं, ती रीत दुसऱ्याच प्राण्यासाठी होती. त्यानंतरच्या हिवाळ्यांत फेझंट, हरीण, रानकबूतर, ससा हे सगळं पुन्हा पुन्हा करून पाहिलं आणि एक गोष्ट पक्की कळली. रानातल्या प्राण्याच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, आणि आपला हात बसलेला असतो बोकडाच्या आणि ब्रॉयलरच्या चरबीवर. ती उणीव भरून काढणारा जिन्नस आपल्याच डब्यात आहे. तो म्हणजे सुकं खोबरं. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचलंत तर पहिली जोडी वाया जाणार नाही.

आधी कायद्याचं

हा लेख ब्रिटनपुरता आहे आणि तो तिथेच राहू द्यावा. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. भेकर, रानडुक्कर, ससा, तितर, मोर, घोरपड यांतलं काहीही मारणं, विकणं किंवा त्याचं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. गावाकडे कुणी "रानातलं आहे, गुपचूप खा" म्हणून वाटी पुढे केली तर हात जोडून नाही म्हणा. सुट्टीत भारतात असताना वेगळं काही चाखायचं असेल तर पाळीव जपानी बटेर आहे, आपल्याकडे बरेच जण तिला लाव्हा म्हणतात. जेमतेम दीडशे-दोनशे ग्रॅमचा पक्षी, मांस कोवळं आणि गोडसर. झाबुआचा कडकनाथ आहे, ज्याला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं मांस काळं दिसतं, पण चव चांगल्या गावरान कोंबडीचीच, फक्त शिजायला वेळ लागतो.

ब्रिटनमध्ये गोष्ट वेगळी आहे. लांडगा आणि लिंक्स नावाचं मोठं रानमांजर इथून कधीच नाहीसे झाले, हरणांना खाणारं कुणी उरलं नाही, आणि आज हरणांची संख्या अंदाजे वीस लाखांच्या घरात धरली जाते. कोवळी झाडं ती वाढूच देत नाहीत. म्हणून दरवर्षी ठरलेल्या हंगामात, परवाना असलेल्या बंदुकीने ती मारावी लागतात. मारलेलं हरीण खाल्लं गेलं नाही तर ते फुकट गेलं. मला हे मांस खाताना कोंडून वाढवलेल्या कोंबडीपेक्षा कमी अवघडल्यासारखं वाटतं. फेझंटचं मात्र तसं नाही. ते लाखो-कोटींच्या संख्येने पैदास करून शिकारीसाठीच सोडले जातात, आणि तो व्यवहार मला पूर्ण पटलेला नाही. तरीही मारलेला पक्षी खड्ड्यात जाण्यापेक्षा पातेल्यात यावा, असं मला वाटतं.

हंगाम, आणि आपले सणवार

इंग्लंडात ग्राउज या माळरानावरच्या पक्ष्याचा हंगाम १२ ऑगस्टला उघडतो, तितराचा १ सप्टेंबरला आणि फेझंटचा १ ऑक्टोबरला. तितर आणि फेझंट दोन्ही १ फेब्रुवारीपर्यंत मिळतात. फॅलो आणि रेड डिअर या हरणांच्या माद्या १ नोव्हेंबर ते ३१ मार्च. मुंटजॅक या लहान हरणाला बंद हंगामच नाही, कारण ते वर्षभर विते. रानकबूतर आणि ससाही बाराही महिने मिळतो.

श्रावण, गणपती आणि नवरात्र पाळणाऱ्या घरात हा हंगाम खऱ्या अर्थाने दसऱ्यानंतरच सुरू होतो, आणि त्यात काही बिघडत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीचे फेझंट अंगाने बारीक असतात. थंडी पडली की ते भरतात. रेड डिअरचा नर ऑक्टोबरात माजावर असतो, त्याच्या मांसाला तेव्हा उग्र दर्प येतो. दिवाळीनंतर मादीचं मांस बाजारात येतं, ते कितीतरी सौम्य. मी हरणाची पहिली खरेदी नेहमी दिवाळीनंतर करते.

चव कशावरून ठरते

"शिकारीच्या मांसाची चव कशी असते?" असं विचारणाऱ्याला मी आधी रंग बघायला सांगते. जो स्नायू सतत काम करतो त्यात प्राणवायू साठवणारं मायोग्लोबिन जास्त असतं, आणि त्यानेच मांस लाल होतं. फेझंट दिवसभर चालतो आणि भीती वाटली तरच भर्रकन थोडंसं उडतो. म्हणून त्याची छाती पांढरी आणि पाय गडद. रानकबूतर मैलोन्‌मैल उडतं, म्हणून त्याची छातीच काळपट लाल. रंग जितका गडद तितकी चव कलेजीकडे झुकणारी, लोहाची, तोंडात रेंगाळणारी.

दुसरं म्हणजे खाणं. ग्राउज माळरानावरच्या हेदर नावाच्या झुडपाचे कोंब खातो, त्यामुळे त्याच्या मांसात कडसर, वनस्पतीचा वास उतरतो. शेतातलं धान्य खाल्लेलं कबूतर गोडसर लागतं.

तिसरं वय. म्हातारा नर फेझंट कितीही शिजवला तरी वातड. पायामागची आर बघा, ती लहान आणि बोथट असेल तर पक्षी त्याच वर्षीचा. लांब आणि टोकदार असेल तर तो रश्श्यातच घालायचा.

चौथी गोष्ट टांगण्याची. मारलेला पक्षी किंवा हरीण काही दिवस थंड जागी टांगून ठेवतात. त्या दिवसांत मांसातली पाचकद्रव्यं स्नायूंचे धागे सैल करतात, मांस मऊ होतं आणि वासही वाढतो. जुने इंग्रज लोक फेझंट दहा-दहा दिवस टांगत. आपल्या नाकाला तीन-चार दिवस पुरे. खाटकाला सरळ विचारा, "किती दिवस टांगलाय?" आणि पहिल्या वेळी कमी टांगलेला मागा. या प्रश्नाने कुणी चिडत नाही, उलट गिऱ्हाईक जाणतं आहे असं समजून तो चांगला तुकडा काढून देतो.

आता उग्र वासाबद्दल. आपल्याकडे वास आला की मसाला वाढवायचा, हा शिरस्ता आहे. इथे तसं करू नका. शिकारीच्या मांसाचा स्वतःचा वास आणि बिघडलेल्या मांसाचा वास यांत फरक आहे. पहिला ओल्या मातीसारखा, सुक्या पानांसारखा, कधी कलेजीसारखा असतो. दुसरा आंबट आणि नाकात चावणारा. पोटात गोळी लागलेल्या प्राण्याच्या मांसाला हिरवट, शेणाचा वास येतो. तो कुठल्याच मसाल्याने जात नाही आणि घालवायचाही नाही. असा तुकडा टाकून द्यायचा.

खरेदी

सुपरमार्केटमधलं व्हेनिसन, म्हणजे हरणाचं मांस, सर्वांत सोपं, पण त्यातलं बरंचसं पाळलेल्या हरणाचं असतं आणि काही थेट न्यूझीलंडहून येतं. ते वाईट नाही. चव सौम्य, तुकडे सारखे, आणि ज्याला वासाची धास्ती आहे त्याने तिथूनच सुरुवात करावी. रानातलं हवं असेल तर पाकिटावर तसं लिहिलेलं बघा, किंवा गावातल्या जुन्या खाटकाकडे किंवा शेतकरी बाजारात जा.

हरणांच्या सहा जाती इथे मिळू शकतात. रेड डिअर सर्वांत मोठं, धागा जाड, चव ठसठशीत. सिका त्याच्याच जवळपासचं. फॅलो मधलं. रो बारीक धाग्याचं आणि नाजूक, बरेच इंग्रज खवय्ये त्यालाच पहिला मान देतात. चायनीज वॉटर डिअर फिकट मांसाचं, सहज हाती न लागणारं. आणि मुंटजॅक, ज्याच्याविषयी पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण मराठी घरासाठी माझं मत त्यालाच.

छऱ्याने मारलेल्या पक्ष्यात शिशाचे कण राहू शकतात. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेचा सल्ला असा की लहान मुलं, गरोदर बायका आणि गर्भधारणेचा विचार करणाऱ्या बायका यांनी शिशाच्या छऱ्याने मारलेल्या शिकारीचं मांस शक्य तितकं कमी खावं. आमच्या घरात मुलं लहान होती तेव्हा त्यांच्या ताटात फेझंट नव्हताच. बाकीच्यांनीही मांस धुताना बोटांनी चाचपून बघावं. जिथे काळपट डाग किंवा आत ओढलं गेलेलं पीस दिसेल, तिथे छर्रा असतो. तेवढा भाग कापून काढा. दातावर छर्रा आला तर दात तुटू शकतो.

पहिला घास मसाल्याशिवाय

काहीही करण्याआधी एक लहानसा तुकडा वेगळा काढा. मीठ लावा, चमचाभर तुपावर तव्यात परता आणि एवढाच खा. या एका घासाने पुढचं सगळं ठरतं. चव मटणासारखी सौम्य लागली तर नेहमीचा मसाला चालेल. कलेजीसारखी लागली तर गरम मसाला निम्मा करा आणि आंबट वाढवा. कडसर लागली तर मसाल्याचा नादच सोडा, फक्त तूप आणि मिरी.

इंग्रज लोक या मांसाबरोबर आंबट-गोड फळांचा रस का देतात, हे मला या घासावरच उमगलं. लोहाची चव आंबटाने उतरते. आपलं आमसूल तेच काम करतं, आणि माझ्या जिभेला तर जास्त चांगलं करतं.

फेझंट: एक पक्षी, दोन पदार्थ

माझ्या पहिल्या जोडीचं जे झालं त्याचं कारण एवढंच की छाती आणि पाय एकत्र शिजवले. छाती काही मिनिटांत होते, पायांना दीड तास लागतो. म्हणून आधी वेगळं करा. उरोस्थीच्या दोन्ही बाजूंनी सुरी हाडाला लावून खाली आणली की छातीचे दोन तुकडे अखंड निघतात. पाय सांध्यात मोडून काढा. तंगडीत पांढऱ्या कडक शिरा असतात, शिजल्यावरही त्या काडीसारख्या राहतात. त्या पकडीने ओढून काढल्या तर उत्तम, नाहीतर वाढताना मांस सोडवून घ्या.

एक लिटर पाण्यात साठ ग्रॅम मीठ विरघळवून छातीचे तुकडे त्यात दोन तास बुडवून फ्रीजमध्ये ठेवा. मिठाचं पाणी आत मुरतं आणि मांस शिजताना ओल धरून ठेवतं. मग बाहेर काढून कोरडे पुसा. थोडी हळद, लसणाची पेस्ट, मिरपूड. पुन्हा मीठ लावू नका. जाड तव्यात दोन चमचे तूप चांगलं तापवून एका बाजूने तीन-चार मिनिटं, मग उलटून मध्यम आचेवर तेवढाच वेळ. जाडी बघून मिनिटभर कमी-जास्त. तव्यावरून उतरवून झाकून पाच मिनिटं ठेवा, मगच कापा. आत गुलाबी राहू देऊ नका, पण रस दिसला पाहिजे. घरात मांसाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७० अंश दोन मिनिटं, एवढं झालं की थांबा. हा थर्मामीटर जरूर घ्या, शिकारीच्या मांसात अंदाज चुकायला एक मिनिट पुरतं.

पाय आणि सांगाडा यांचा रस्सा करा. चव अगदी आपल्या गावरान कोंबडीची, जरा खोल. तेलात कांदा परता, आलं-लसूण, हळद, पाय, मग गरम पाणी आणि झाकणीवर पाणी ठेवून मंद आचेवर सव्वा ते दीड तास. भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण शेवटच्या वीस मिनिटांत. कुकरमध्ये करायचं असेल तर फक्त पायच घाला. तीन शिट्ट्या आणि दहा मिनिटं मंद आच.

मुंटजॅक, म्हणजे भेकराचा चुलतभाऊ

सह्याद्रीच्या पायथ्याला रात्र काढलेल्यांनी भेकराचं भुंकणं ऐकलेलं असतं. कुत्र्यासारखा, पण एकसुरी, थांबून थांबून येणारा आवाज. दक्षिण इंग्लंडात एका संध्याकाळी घरामागच्या झाडीतून मी तोच आवाज ऐकला आणि अंगावर काटा आला. ते मुंटजॅक होतं. भेकराच्याच कुळातलं, पण आकाराने लहान, मूळ चीनचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेडफर्डशरमधल्या वोबर्नच्या बागेत ते आणलं गेलं. तिथून सुटलं, काही सोडलं गेलं, आणि आता दक्षिण आणि मध्य इंग्लंडभर पसरलंय. रानफुलांचे आणि झुडपांचे कोंब ते फस्त करतं. परकी, उपद्रवी जात म्हणून त्याची नोंद आहे.

सह्याद्रीतल्या भेकराला हात लावायचा नाही आणि इथल्या मुंटजॅकला मात्र खाऊन कमी करायचं, हे मला सुरुवातीला जड गेलं. मग समजलं की दोन्हीकडे हेतू एकच आहे, जंगल टिकवणं.

मराठी घरासाठी ते मला का आवडतं? एक तर आकार. सोललेलं, साफ केलेलं अख्खं मुंटजॅक लहान बोकडाएवढंच भरतं, त्यामुळे खाटकाला "अर्धं द्या आणि हाडासकट तुकडे करा" म्हणता येतं. दुसरं, चव. रेड डिअरचा दर्प यात नाही. कोवळ्या बोकडाचं मटण आणि किंचित गोडवा, असं मी सांगेन. पाहुण्यांना न सांगता वाढलं तर बहुतेकांना मटणच वाटतं. पण न सांगता वाढू नका. आपण काय खातोय हे कळण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

तुकडे निवडताना मटणाची सवय उपयोगी पडते. रश्श्यासाठी खांदा, मान आणि पायाच्या नळ्या घ्या. तिथे चिकट तंतू भरपूर असतात, ते हळूहळू विरघळून रस्सा दाट करतात. मांडीचं मांस रश्श्यात घातलं तर कोरडं होऊन धागे सुटतात, ते ओव्हनमध्ये किंवा तव्यावरच चांगलं. पाठीचा लांब तुकडा सर्वांत कोवळा, त्याला तर पाण्याचा स्पर्शही नको.

साफ करताना दोन गोष्टी. मांसावर चंदेरी पापुद्रा असतो, तो शिजत नाही आणि तुकडा आकसवतो. अरुंद धारदार सुरी त्याच्याखाली सरकवून तो ओढत काढा. आणि जी थोडी पांढरी चरबी दिसेल ती सगळी काढून टाका. बोकडाच्या चरबीसारखा मोह धरू नका. हरणाची चरबी जरा थंड होताच मेणासारखी गोठते, टाळूला चिकटते, आणि उग्र वासाचा बराचसा भाग तिच्यातच असतो.

आता रस्सा. हाडासकट एक किलो मांसाला चमचाभर हळद, दोन मोठे चमचे आलं-लसणाची पेस्ट, अर्धी वाटी घट्ट दही आणि मीठ चोळून रात्रभर फ्रीजमध्ये मुरत ठेवा. लिंबू नको, त्याने मांसाचा वरचा थर पिठासारखा होतो. दही सौम्य असतं.

वाटणासाठी शंभर ग्रॅम सुकं खोबरं किसून मंद आचेवर खरपूस भाजा. बकऱ्याच्या मटणाला मी याच्या निम्मं घेते. इथे जास्त, कारण खोबऱ्यातलं तेल मांसातल्या चरबीची जागा घेतं. दोन मोठे कांदे उभे चिरून तेलावर काळसर होईतो परता. एक चमचा धणे, चार लवंगा, सहा-सात मिरे, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, चिमूटभर दगडफूल आणि एक चमचा खसखस भाजून घ्या. सगळं एकत्र, थोडं पाणी घालून गंधासारखं बारीक वाटा. जाडसर राहिलं तर तेल नीट सुटत नाही.

जाड बुडाच्या पातेल्यात चार मोठे चमचे तेल तापवून मांस थोडं थोडं घालून परता. सगळं एकदम घातलं की पाणी सुटतं आणि मांस परतण्याऐवजी उकडतं. प्रत्येक घाण्याला तांबूस रंग आला की काढा. शेवटी सगळं परत घालून दोन चमचे कांदा-लसूण मसाला टाका, मांस बुडेल इतकं कढत पाणी ओता आणि झाकणीवर पाणी ठेवून आच इतकी मंद करा की पृष्ठभागावर एखादाच बुडबुडा फुटेल. खदखदा उकळलं तर पाणी भरपूर असूनही मांस कोरडं होतं. दीड तासाने एक तुकडा बघा. हाडापासून सुटू लागला की वाटण घाला आणि आणखी पंचवीस मिनिटं तशाच मंद आचेवर ठेवा. कडेला तेल सुटून तर्री वर आली की दोन-तीन आमसुलं घालून गॅस बंद करा.

लगेच खाऊ नका. तासभर मुरू द्या, आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी खा. तांदळाच्या भाकरीबरोबर मला तो दुसऱ्या दिवशीचा रस्सा जास्त आवडतो. वाढताना मात्र कढत असू द्या.

पाठीचा तुकडा आणि गुलाबी मांसाची भीती

हरणाचा पाठीचा तुकडा पूर्ण शिजवला की त्याची चव जाते आणि तो लाकडासारखा होतो. तो आतून गुलाबी ठेवायचा असतो, आणि इथे आपलं मन अडतं. कापल्यावर जो लाल रस येतो तो रक्त नव्हे. ते मायोग्लोबिन मिसळलेलं पाणी असतं. अखंड तुकड्याच्या बाहेरच्या बाजूवरच जंतू असण्याची शक्यता जास्त, आणि ती बाजू तव्यावर कडक भाजली जाते. धडधाकट माणसाला मध्यभागी ५५ ते ५७ अंश ठीक आहे. गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं किंवा आजारी असणारे यांना मात्र ७० अंश दोन मिनिटं, इथे तडजोड नको. खिमा, कलेजी आणि रानडुकराचं मांस सर्वांनीच पूर्ण शिजवून खावं. रानडुकरात ट्रिकिनेला हा कृमी असू शकतो, म्हणून ते तपासणी झालेल्या दुकानातूनच घ्यायचं.

गुलाबी मांस नकोच वाटत असेल तर पाठीचा तुकडा विकत घेऊ नका, खांदा घ्या. पैसेही वाचतील.

रानकबूतर

याची फक्त छाती घ्या. बाकीच्या अंगावर मांस फार नसतं. दोन लहान गडद तुकडे, मीठ-मिरी, कडक तापलेल्या तव्यात तुपावर दोन्हीकडून दोन-दोन मिनिटं आणि पाच मिनिटं विसावा. त्याच तव्यात बारीक कांदा, दोन चमचे आगळ, लहान खडा गूळ आणि थोडं पाणी आटवून वर घाला. चव बोकडाच्या कलेजीसारखी, पण कलेजीचा पिठूळपणा नाही. एक मिनिट जास्त झालं की करडं पडतं आणि तोंडात नाणं धरल्यासारखं लागतं. कलेजी आवडणाऱ्यांनी शिकारीची सुरुवात इथूनच करावी. कलेजी न आवडणाऱ्यांनी हा मजकूर सोडून पुढे जावं.

ससा, रानससा, ग्राउज

ससा पांढऱ्या मांसाचा, कोंबडीपेक्षा घट्ट आणि किंचित गोड, गवताचा पुसट वास असलेला. चरबी म्हणाल तर जवळपास शून्य. उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशात फक्त सशावर दिवस काढणारी माणसं पोटभर खाऊनही आजारी पडत, कारण चरबीविना नुसती प्रथिनं शरीराला पेलत नाहीत. म्हणून त्याला नारळाचा दाट रस द्या. मालवणी मसाला, कोकम आणि वरून नारळाचं दूध, पाऊण ते एक तास मंद आच. हाडं बारीक आणि अणकुचीदार असतात, खाताना जपून.

रानससा, म्हणजे इंग्रजीतला हेअर, हा वेगळा प्राणी. मांस काळपट, चव एवढी जोरदार की रक्ती खाणाऱ्यांनाच ती ओळखीची वाटेल. मी एकदा चाखला, पुन्हा घेतला नाही. इथल्या कितीतरी भागांत तो कमी झालाय. कायदाही १ मार्च ते ३१ जुलै त्याची विक्री बंद ठेवतो.

ग्राउज महाग असतो आणि त्याला मसाला लावणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. तूप, मीठ, गरम ओव्हनमध्ये थोडा वेळ, बस्स. कारल्याची आवड असलेल्या माणसाला त्याचा कडसरपणा रुचतो, हे मी माझ्या सासऱ्यांच्या ताटावरून सांगते.

खिमा

घरातली मंडळी अजूनही नाक मुरडत असतील तर हरणाचा खिमा आणा. नुसता शिजवला तर वाळूसारखा मोकळा होतो, म्हणून पाव किलो खिम्याला तीस-चाळीस ग्रॅम मेंढीची चरबी खाटकाकडूनच मिसळून घ्या. मेंढीचा वास नको असेल तर तेवढंच ओलं खोबरं बारीक वाटून घाला. कांदा, हिरवी मिरची, पुदिना, भाजलेल्या डाळीचं पीठ. चपटे कबाब तव्यावर थापून पूर्ण शिजवा. आमच्या मुलांनी हरीण पहिल्यांदा खाल्लं ते असं, शाळेच्या डब्यात, चपातीत गुंडाळून.

ऑस्ट्रेलियातल्या नातेवाइकांनी कांगारूबद्दल विचारलं तेव्हा मी हेच सांगितलं. तेही रानातलंच, चरबी अगदी नगण्य, सुपरमार्केटात सहज मिळणारं. तुकडा असेल तर तव्यावर झटपट, खिमा असेल तर खोबरं घालून.

उरलेली हाडं

मुंटजॅकची आणि फेझंटची हाडं फेकू नका. ओव्हनमध्ये तांबूस भाजून, कांदा, चार मिरे आणि एक तमालपत्र टाकून, तीन-चार तास मंद उकळू द्या, गाळा आणि गार झाल्यावर वर गोठलेला चरबीचा थर उचलून टाका. मी हे पाणी अर्ध्या लिटरच्या डब्यांत गोठवून ठेवते. जानेवारीत काळोख लवकर पडतो. तेव्हा एक डबा काढायचा, त्यात मूठभर तांदूळ शिजवायचे आणि वरून तुपात लाल केलेला लसूण ओतायचा.